हौसेची गाडी आणि ठेवीचा हिशेब

स्वस्तातली छोटी स्पोर्ट्स कार आज घेऊन ठेवली तर पुढे तिला भाव येईल का, हा प्रश्न हल्ली सारखा कानावर येतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक इथले, पुण्या-मुंबईतले, पहिली मोठी पगारवाढ हातात पडलेले. दुसरे न्यू जर्सीत किंवा लंडनच्या उपनगरात घर केलेले आपलेच लोक. त्यांच्या गल्लीत कुणीतरी जुनी लाल माझदा मियाटा विकायला काढलेली असते आणि यांची झोप उडते. दोघांच्याही मनात गाडी आधीच घेऊन झालेली असते. ‘गुंतवणूक’ हा शब्द फक्त घरच्यांना पटवण्यापुरता हवा असतो.

तो शब्द मी तुम्हाला देणार नाही. साध्या पगारात येणारी छोटी स्पोर्ट्स कार क्लासिक होऊ शकते. अशा कितीतरी झाल्या आहेत. पण गाडी क्लासिक होणं आणि तुमच्या खिशात नफा पडणं यांचा फारसा संबंध नाही. तो का नाही, हे एकदा समजून घ्या आणि मग खुशाल घ्या.

खिशाला परवडणारी स्पोर्ट्स कार ही मुळात इंग्रजांची हौस. १९५८ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट बाजारात आली तेव्हा तिकडे तिची किंमत करासकट ६६९ पौंड होती. इंजिन ऑस्टिनच्या ए-३५ या घरगुती गाडीचं, ९४८ सीसीचं, ४३ अश्वशक्तीचं. दाराला बाहेरून मूठ नाही. डिकीला झाकण नाही; सामान ठेवायचं तर सीटच्या पाठीमागून आत ढकलायचं. दिवे बॉनेटमध्ये मिटून घ्यायचे अशी मूळ कल्पना होती, पण तो खर्च झेपेना, म्हणून ते बॉनेटवर तसेच डोळे वटारून बसवले. लोकांनी तिला लगेच बेडूकडोळी ठरवलं. पैसे वाचवण्यासाठी केलेली ती तडजोड आज त्या गाडीची सगळी ओळख आहे. अशा ४८,९८७ गाड्या निघाल्या, म्हणजे दुर्मिळ म्हणावी इतकी थोडी ती कधीच नव्हती. तरीही आज तिच्यासाठी चांगली रक्कम मोजणारे लोक आहेत.

एमजीबी या दुसऱ्या इंग्रजी स्पोर्ट्स कारचं तर आणखी गमतीचं. १९६२ ते १९८० या काळात त्या पाच लाखांवर बनल्या. इतकी गल्लोगल्ली दिसणारी गाडी क्लासिक कशी? तर तिचे पार्ट मिळतात म्हणून. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी, जुन्याच साच्यांवर ठोकून, विकायला सुरुवात केली. पत्रा गंजून खाली गळून पडलेली एमजीबी त्यामुळे पुन्हा उभी राहू शकते. ज्या गाडीचा प्रत्येक नट-बोल्ट टपालाने घरी येतो ती गाडी लोक ठेवतात. जिचा साधा बीडिंगचा रबर मिळत नाही ती कितीही देखणी असली तरी एक दिवस भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते. जुन्या गाडीबद्दल विचार करताना ‘किती बनल्या’ हा प्रश्न सगळे विचारतात. त्याआधी ‘पार्ट कुठे मिळतात’ हे विचारा.

आता मियाटा, कारण आज या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उदाहरण तीच आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी छोट्या गाड्यांचा खेळ संपत आला होता. अमेरिकेचे धुराचे आणि सुरक्षिततेचे नियम, कंपन्यांची आतली भांडणं, तेल गळणारी इंजिनं. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८०मध्ये बंद झाला. त्याच सुमारास बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं होतं, की तशी हलकी, उघडी, मागच्या चाकांवर चालणारी साधी गाडी आता कुणी बनवत नाही, तुम्ही बनवा. पुढे हॉल स्वतःच माझदात नोकरीला लागले. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ मियाटा उभी राहिली. १.६ लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आत, किंमत १३,८०० डॉलर. इंग्रजी गाडीची मजा, जपानी गाडीचा भरवसा, आणि सकाळी चावी फिरवली की सुरू. लोक वेडे झाले. पहिल्या वर्षी अमेरिकेतले विक्रेते छापील किमतीवर काही हजार डॉलर जास्त मागत होते आणि लोक ते देत होते.

त्या गर्दीत काही हुशार माणसंही होती. ही पुढे क्लासिक होणार हे त्यांनी बरोबर ओळखलं, जास्तीचे पैसे देऊन गाडी घेतली आणि झाकून ठेवली. त्यांचा अंदाज चुकला नाही. हिशेब मात्र चुकला. कारण माझदा थांबली नाही. पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. मग दुसरी पिढी आली, तिसरी, चौथी. एप्रिल २०१६मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

पस्तीस वर्षांचा हिशेब मांडून पाहा. १९८९चे १३,८०० डॉलर म्हणजे, अमेरिकेतली महागाई धरली तर, २०२४चे जवळजवळ ३५ हजार डॉलर. झाकून ठेवलेली गाडी तेवढ्याला विकली तर मालक फक्त बरोबरीत सुटला. नीट वापरलेली, चांगल्या स्थितीतली पहिल्या पिढीची मियाटा सहसा त्याच्या बरीच खाली विकली जाते. वर जातात त्या अगदीच न चाललेल्या किंवा खास आवृत्तीच्या. नवी कोरी मियाटा तीस हजार डॉलरच्या आसपास मिळत असताना जुनीला कोण किती जास्त देणार? त्यात पस्तीस वर्षांचा विमा, जागेचं भाडं, टायर, बॅटऱ्या, ऑइल मिळवा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एक लाख रुपये ७ टक्के चक्रवाढीने पस्तीस वर्षं ठेवले तर, कर सोडून, साडेदहा लाखांच्या वर होतात. ठेवपावतीला पावसाळ्यात बुरशी येत नाही आणि उंदीर तिची वायरिंग खात नाहीत.

यावर हमखास एक उत्तर येतं: पण ती डॅटसन तीन लाख डॉलरला गेली ना! गेली. १९७१ची एक डॅटसन २४०झेड जानेवारी २०२०मध्ये तीन लाख दहा हजार डॉलरला विकली गेली, आणि अमेरिकेत नवी असताना त्या मॉडेलची किंमत साडेतीन हजार डॉलर होती. पण ती गाडी जेमतेम बावीस हजार मैल चाललेली होती, आणि तिच्याबरोबर बनलेल्या बहुतेक बहिणी बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गंजून केव्हाच संपल्या होत्या. लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो पेपरात येतो, तिकीट फाडून टाकलेल्यांचा येत नाही.

दुसरी एक गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. ती गाडी छोटी नव्हती, चांगली अजस्र होती. १९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो. ही अमेरिकेत बनणारी शेवटची उघड्या टपाची गाडी, असा गाजावाजा झाला. त्या वर्षी अशा चौदा हजार गाड्या निघाल्या आणि कित्येकांनी त्या न चालवता साठवल्या. आणि १९८४च्या मॉडेलात कॅडिलॅकने पुन्हा उघड्या टपाची गाडी आणली! चिडलेल्या मालकांनी कंपनीवर दावा ठोकला. तेव्हा ‘मर्यादित आवृत्ती’, ‘शेवटची तुकडी’, ‘क्रमांकित प्लेट’ असं काही माहितीपत्रकात दिसलं तर एवढं लक्षात ठेवा: साठवण्यासाठीच विकलेली वस्तू सगळेच साठवतात, आणि सगळ्यांकडे असलेल्या वस्तूला गिऱ्हाईक कुठून येणार?

मग भाव येतो तो कशाने? इथे मला जे खरं वाटतं ते सांगतो. प्रत्येक स्वस्त स्पोर्ट्स कारच्या आयुष्यात एक पडता काळ येतो. नवी असते तेव्हा पहिला मालक कौतुक करतो आणि घसाऱ्याचा मोठा घाव सोसतो. दुसरा दामटतो. तिसऱ्या-चौथ्या हातात ती इतकी स्वस्त झालेली असते, की क्लच बदलायचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्मा. कापडी टप फाटला तर ताडपत्री येते. याच काळात बहुतेक गाड्या मरतात. मियाटाही याच काळातून गेली. हजारो गाड्यांची बॉडी सोलून त्यांत लोखंडी पिंजरे बसवले गेले आणि त्या शर्यतींना लागल्या. अमेरिकेत तर केवळ मियाटांच्या शर्यतींचा स्वतंत्र वर्ग आहे. या पडत्या काळातून ज्या थोड्या गाड्या धडधाकट बाहेर येतात, त्यांना पुढे भाव येतो. पण गंमत पाहा: त्या काळात गाडी सांभाळणारा माणूस पदरचे पैसे घालत असतो, आणि वाढलेला भाव बहुधा त्याच्यानंतरच्या मालकाला मिळतो.

यातून निघणारा सल्ला सोपा आहे, आणि या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. दुसऱ्याने पैसे घालून नीट केलेली गाडी घ्या. स्वतः नीट करायची म्हणून मोडकी गाडी घेऊ नका. मोडकी दोन लाखांनी स्वस्त पडते आणि नीट करायला पाच लाख लागतात. ‘थोडं काम आहे’ असं विकणारा म्हणाला, तर ते काम त्याने स्वतः का केलं नाही, हे त्याला विचारा.

आपल्याकडच्यांना हे समजायला जपान-अमेरिकेला जायची गरज नाही. यामाहा आरएक्स-१०० आठवा. १९८५ ते १९९६, ९८ सीसी, गावोगावी दिसणारी. दुधाच्या किटल्या वाहिल्या तिने, कॉलेजच्या पोरांनी फेरफटके मारले. आज चांगली आरएक्स विकायला निघाली तर फोन थांबत नाहीत. त्याच कारखानदारांची राजदूत ३५० ही १९८३ साली आलेली गाडी तर तेव्हा लोकांनी नाकारली, कारण पेट्रोल पिते आणि महाग पडते. आज तिच्यासाठी माणसं जिल्हे पालथे घालतात. आरएक्स टिकली त्याचं कारण पुन्हा तेच. पुण्याच्या नाना पेठेत नाहीतर तालुक्याच्या बाजारात तिचा पिस्टन, क्लच प्लेट, कार्ब्युरेटरचा किट मिळतो, आणि गावातल्या फिटरला ती डोळे मिटून उघडता येते.

चार चाकांत मात्र आपल्याकडे असं फार काही झालं नाही. स्वस्त म्हणता येईल अशी खरीखुरी छोटी स्पोर्ट्स कार शोधायला गेलात तर दोन नावं हाती लागतात, आणि दोन्ही आपल्या किनाऱ्यावरची. पहिली सॅन स्टॉर्म. बंगळुरूच्या रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या उद्योगसमूहाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती गोव्यात बनवायला घेतली. आखणी फ्रेंचांची, दोन सीटा, उघडा टप, अंगावर फायबरग्लास, पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं साठ अश्वशक्तीचं इंजिन. साठ अश्वशक्ती म्हणजे काही वादळ नव्हे. त्या काळची झेनसुद्धा तिच्या तोडीस तोड पळायची. त्यावरून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. पण मला ती टीका कधी पटली नाही. बेडूकडोळीत तर ४३ होती.

दुसरी अलिबागजवळच्या कार्लेखिंडीतली चिंकारा रोडस्टर. लोटस सेव्हनच्या धर्तीची, चाकं बाहेर, दारं नावालासुद्धा नाहीत, आणि इंजिन कॉन्टेसातलं इसुझू १.८ लिटरचं. कारखाना कसला, मोठी कार्यशाळाच. तरी शौकिनांनी रांगेत उभं राहून बनवून घेतल्या.

या दोघी क्लासिक होतील का? माझं मत असं: चिंकाराची बाजू बळकट आहे, कारण तिचं इंजिन ॲम्बॅसडर-कॉन्टेसाच्या घरातलं, ते उघडणारे मेकॅनिक अजून आहेत आणि गाडीत बाकी बिघडण्यासारखं फारसं काही नाही. स्टॉर्मचं जरा अवघड. तिचं इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत वर्षानुवर्षं चाललं, त्यामुळे त्याचे पार्ट तिकडून मागवता येतात. पण आपल्याकडे नंतर आलेली, नाशिकला बनलेली रेनॉची लोगन वेगळ्या इंजिनांची, तिचा उपयोग नाही. आणि जे भाग फक्त स्टॉर्मचेच, म्हणजे टपाचा सांगाडा, दिव्यांची आवरणं, आतलं प्लॅस्टिक, ते कुठेच मिळत नाहीत. बनवून घ्यावे लागतात. संख्या थोडी, पार्ट नाहीत, कारखाना नाही. दुर्मिळपणाची सगळी लक्षणं आहेत, आणि दुर्मिळपणा एकटा काहीच कामाचा नाही. तरीही कुणी चांगली, चालती, कागदपत्रं धड असलेली स्टॉर्म देत असेल आणि पैसे परत येण्याची घाई नसेल, तर मी म्हणेन घ्या.

घेताना काय बघायचं? फायबरची बॉडी गंजत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण खालचं पोलाद गंजतं, आणि गोव्या-कोकणातल्या हवेत फारच लवकर. गाडी रॅम्पवर चढवा, टॉर्च घेऊन खाली जा, सस्पेन्शन जिथे सांगाड्याला धरलेलं असतं त्या जागा टोकदार वस्तूने दाबून पाहा. बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तिथे मार बसलाय. त्या भरणं अवघड नाही. गाड्यांच्या डेंटिंगवाल्यापेक्षा फायबरच्या होड्या करणारा कारागीर ते काम चांगलं करतो. पत्र्याची गाडी असेल तर खिशात एक लोहचुंबक ठेवा. पुट्टीवर तो चिकटत नाही. विकणाऱ्याचा चेहरा पडला तरी चालेल, चुंबक फिरवाच.

कागद त्याहून महत्त्वाचा. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर स्वतः वाचा. हौसेच्या गाड्यांत दुसरंच इंजिन बसवलेलं असण्याचा प्रकार सर्रास आहे, आणि तो कागदावर नसेल तर पुढे पासिंगला अडकाल. मूळ बनावटीत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलेलं आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. त्याची फी एप्रिल २०२२पासून सहाशेवरून पाच हजार झाली आणि २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढली. वर पर्यावरण कर. दिल्लीकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत म्हणून तिकडच्या हौशी गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. मोह होतोच. पण एनओसी हातात आल्याशिवाय आणि इथे किती कर भरावा लागेल हे आरटीओत जाऊन विचारल्याशिवाय विसार देऊ नका.

सरकारी ‘व्हिंटेज’ची वाट पाहत असाल तर बराच दम धरावा लागेल. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पुरी झालेली, फार बदल न केलेली गाडीच त्यात बसते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोज वापरायला बंदी. सॅन स्टॉर्मला पन्नास पुरी होईपर्यंत २०५० जवळ येईल. जुन्या वाहनांची जागतिक संघटना तीस वर्षं मानते, ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रोड टॅक्स माफ होतो. आपण त्या मानाने कंजूष.

सांभाळण्याबद्दल. गाडी म्हणजे बरणीतलं लोणचं नव्हे, झाकून ठेवली की मुरणारं. उभी गाडी बिघडते. टायर एका बाजूला चपटे होऊन तडकतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ऑइल सील वाळतात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तेही पाणी शोषतं, आणि नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. पाइप इथेनॉल चालणारे बसवून घ्या, आणि पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साचू देऊ नका. ओलं प्लॅस्टिकचं कव्हर घालण्यापेक्षा कव्हर नसलेलं बरं, आत घाम धरतो. आणि दर पंधरवड्याला एकदा तरी अर्धा तास रस्त्यावर काढा. नुसतं जागेवर इंजिन गुरगुरवून बंद करणं म्हणजे सायलेन्सर आतून सडवणं.

काढलेला मूळ भाग कधी टाकू नका. चकचकीत अलॉय बसवायचे असतील तर बसवा, मूळ चाकं माळ्यावर ठेवा. मूळ रेडिओ, मूळ स्टिअरिंग, जॅक, हत्यारांची पिशवी, पहिल्या खरेदीचं बिल, सर्व्हिसच्या पावत्या, सगळं एका पेटीत. माझदाने २०१७मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या कारखान्याकडूनच नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली तेव्हा कापडी टप, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, इतकंच काय, जुन्या नक्षीचे टायरसुद्धा पुन्हा बनवून घेतले. इतक्या वर्षांनी लोक नेमकं मूळ रूप मागतात, हे त्या कंपनीला कळलं होतं.

परदेशातल्या वाचकांसाठी दोन शब्द. मियाटा घेत असाल तर मागच्या चाकांच्या पुढचा, दाराखालचा पत्रा आधी पाहा. टपावरचं पाणी सीटच्या मागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत साचून तो पत्रा आतून सडतो, आणि वरून रंग झकास दिसत राहतो. १९८९ ते १९९१च्या काही १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं, तिथली पुली सैल पडून की-वे झिजतो. जाणकाराला दाखवून घ्या. विमा घेताना ठरलेल्या किमतीचा घ्या, बाजारभावाचा नको. आणि भारतात परतताना ही गाडी बरोबर आणू, हे स्वप्न आताच सोडा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

राहिला प्रश्न कुणी घेऊ नये याचा. ज्यांची ही एकमेव गाडी असणार आहे, ज्यांच्या सोसायटीत झाकलेलं पार्किंग नाही, ज्यांच्या शहरात ती उघडणारा एकही माणूस नाही, आणि ज्यांना कर्ज काढावं लागणार आहे, त्यांनी घेऊ नये. बाकीच्यांनी वर्षाच्या खर्चाचा आकडा कागदावर लिहावा. तेवढे पैसे दरवर्षी सहलीवर उडवले असं समजून जर चैन वाटत असेल, वाईट वाटत नसेल, तर गाडी तुमची.

शेवटचं सांगणं ज्यांच्या दारात आजच सॅन स्टॉर्म किंवा चिंकारा उभी आहे त्यांना. या गाड्या आपल्या लोकांनी आपल्या किनाऱ्यावर बनवल्या, आणि त्यांची नीट नोंद कुठेही झालेली नाही. तुमच्या गाडीचे फोटो काढा, चासी नंबर लिहून ठेवा, मालकाचं पुस्तक आणि माहितीपत्रक असेल तर त्याच्या प्रती काढून दुसऱ्या मालकांना द्या. टपाचं किंवा दिव्याचं एखादं आवरण कुणी बनवून घेत असेल तर एकट्यासाठी बनवू नका, चार-पाच मालक मिळून बनवा. साचा एकदाच पाडावा लागतो. आणि गाडी नकोशी झालीच, तर लक्षात ठेवा की एकदा भंगारात काढून नोंदणी रद्द झाली की ती पुन्हा रस्त्यावर येत नाही. भंगारवाल्यापेक्षा पाच-दहा हजार कमी मिळाले तरी चालेल, पण ती चालवणाऱ्या माणसाला द्या.